किनाऱ्यावरची गावाची सामायिक इमारत: आधी वेळा मांडा, मग भिंती

"फंड मंजूर झालाय, जागा बंदराला लागून आहे, मच्छीमारांना पण उपयोगी पडेल, महिला मंडळाला पण, पर्यटकांना पण असं काहीतरी करायचंय, प्लॅन कसा असावा?" हा प्रश्न मला कोकण किनाऱ्यावरच्या गावांतून इतक्या वेळा आलाय की एकदाचं सगळं सविस्तर लिहून काढतोय. प्रश्नासोबत बहुतेक वेळा एक ड्रॉईंग पण येतं, त्यात मधोमध मोठा हॉल, एका टोकाला स्टेज, मागे दोन खोल्या, पुढे रोलिंग शटर आणि कोपऱ्यात कुठेतरी दोन टॉयलेट. गावातल्या पाच प्रकारच्या लोकांची नावं अर्जात असतात आणि ड्रॉईंगमध्ये एकाचीही सोय नसते. मग इमारत होते, उद्घाटन होतं, आणि वर्षातले दहा महिने तिला कुलूप.

चूक डिझाईनची कमी आणि क्रमाची जास्त आहे. आपण खोल्यांपासून सुरुवात करतो. किनाऱ्यावर सुरुवात करायची ती दोन गोष्टींपासून, कोण कुठल्या वेळेला येणार आणि येताना ओला येणार की सुका. एवढं नीट मांडलं की अर्धा प्लॅन आपोआप बसतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, कृपा करून उलटसुलट करू नका.

टप्पा १: जागा नक्की कोणाची आणि भरतीरेषेपासून किती लांब

सातबारा काढा, मोजणी करून घ्या. "ही जागा पूर्वीपासून गावाचीच" हे वाक्य किनाऱ्यावर फार ऐकू येतं, पण कागदावर ती सरकारी असू शकते, मेरीटाईम बोर्डाच्या (बंदरांचा कारभार बघणारं सरकारी मंडळ) हद्दीत असू शकते, देवस्थानची असू शकते. ग्रामसभेचा ठराव याच्यानंतर, आधी नाही.

मग सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे केंद्र सरकारचे नियम. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. भरतीरेषा म्हणजे तुम्हाला दिसते ती ओली वाळू नव्हे, ती मंजूर नकाशावर आखलेली रेषा असते. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे तिथे समुद्राच्या भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि बाकी ठिकाणी २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र. खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. आपली बहुतेक गावं २०० मीटरवाल्या गटात येतात. तुमच्या जिल्ह्याला आज कुठला नकाशा लागू आहे हे लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता महत्त्वाचं. ना-विकास क्षेत्रात सगळंच बंद नाही. स्थानिक मच्छीमारांना लागणाऱ्या सोयी, म्हणजे मासळी सुकवायची जागा, लिलावाची शेड, जाळी दुरुस्तीची जागा, बर्फाचा कारखाना, यांना तिथे मुभा आहे. सार्वजनिक शौचालय, पावसाचा निवारा, दवाखाना, शाळा यांचा गावकऱ्यांसाठी प्रकरणागणिक विचार होतो. लग्नाचा हॉल आणि टुरिस्ट रेस्टॉरंट मात्र या यादीत बसत नाही. त्यामुळे प्रोग्रॅमच, म्हणजे हव्या असलेल्या सोयींची यादीच, दोन तुकड्यांत करा. पाण्याजवळ लागतंच ते पाण्याजवळ आणि बाकीचं ना-विकास क्षेत्राच्या बाहेर, गावाच्या बाजूला. एकाच छपराखाली सगळं कोंबायचा हट्ट सोडला की परवानगीही सोपी जाते आणि इमारतही चांगली चालते.

*इशारा:* अर्जात "लिलाव शेड" लिहून आत स्टेज आणि ग्रीनरूम दाखवू नका. पुढे तक्रार झाली की अख्खं बांधकाम अडकतं आणि ज्या मच्छीमारांचं नाव पुढे केलं त्यांचीच शेड जाते.

*तपासा:* मोजणी नकाशा, सीआरझेड नकाशावर टाकलेली तुमची जागा, आणि जमिनीच्या मालकाचं लेखी पत्र. तिन्ही हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला ड्रॉईंग सुरू करायला सांगू नका.

टप्पा २: पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी बघा

जागा निदान दोनदा बघा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जुलै-ऑगस्टच्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. फेब्रुवारीत जी पुळण (वाळूचा किनारा) शंभर पावलं रुंद दिसते ती पावसाळ्यात समुद्र ओढून नेतो आणि दिवाळीनंतर परत आणून टाकतो. हिवाळ्यात प्लॅन काढणारा माणूस या परत आलेल्या वाळूवर इमारत बसवतो.

उधाणाच्या दिवशी पाणी जिथे थांबलं तिथे खुंटी मारा. मग शेजारच्या घरांतून म्हाताऱ्यांना विचारा, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पाणी कुठवर आलं होतं, मे २०२१ ला तौक्तेत कुठवर आलं होतं. लोकं बरोबर दाखवतात, "ह्या पायरीला लागलं होतं", "माडाच्या ह्या आळ्यात होडी येऊन पडली होती". त्या जागेवर दुसरी खुंटी. जोत्याची उंची ठरवायची ती दुसऱ्या खुंटीच्या वर, पहिलीच्या नव्हे.

आणि पाठ फिरवून डोंगराकडे पण बघा. कोकणात पाणी समुद्राकडून जेवढं येतं तेवढंच मागून येतं. पऱ्या, व्हाळ (ओढे-नाले), रस्त्याचं गटार, सगळं उतरत उतरत त्याच बंदरावर येतं, वर उधाणाची भरती असली की त्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही आणि ते तुमच्या जोत्याशी तुंबतं. वहाळाची वाट अडवून इमारत बांधू नका, ती पाईपात पण घालू नका.

टप्पा ३: माणसं आणि त्यांच्या वेळा

हा टप्पा सगळ्यात लांब आहे, आणि यालाच सगळे एका मीटिंगमध्ये उरकतात. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मंदिरात मीटिंग लावली की कोण येतं? बोटमालक, सोसायटीचे पदाधिकारी, पंचायतीचे सदस्य, मुंबईहून आलेले दोन चाकरमानी. मासळी विकणाऱ्या बाया त्या वेळेला बाजारात असतात नाहीतर घरी चूल बघत असतात. खलाशी झोपलेले असतात कारण पहाटे निघायचं असतं. आणि हल्ली मोठ्या बंदरांवर बरेचसे खलाशी नेपाळहून किंवा दुसऱ्या राज्यांतून आलेले असतात, त्यांना कोणी बोलावतच नाही, जरी बंदरावर चोवीस तास तेच राहतात.

म्हणून मीटिंग आधी नाही. आधी तुम्ही जायचं. पहाटे चारला जा, सकाळी आठला जा, भर दुपारी जा, रात्री नऊला जा. प्रत्येक वेळेला कोण आहे, कुठे बसलंय, काय शोधतंय ते लिहा. एका गावात मी असाच पहाटे जाऊन उभा राहिलो, बोटी यायच्या होत्या, पंधरा-वीस बाया पाट्या उपड्या घालून त्यावर बसलेल्या, अंधार, वर छप्पर नाही. हॉलचा प्लॅन दाखवला तर त्यातली एक काकी म्हणाली, "हॉल तुमचा तुम्ही घ्या दादा, आम्हाला चार वाजता उघडा असेल असा एक संडास द्या, कडीवाला, नि हात धुवायला गोडं पाणी." तोपर्यंत त्या प्लॅनमध्ये टॉयलेट हॉलच्या आतून होतं आणि हॉलची चावी पदाधिकाऱ्याच्या घरी असणार होती. मी स्वतः काढलेला प्लॅन होता तो. दुसऱ्या दिवशी फाडून नवा काढला.

आता तक्ता बनवा. मोठा कागद घ्या, आडव्या बाजूला दिवसाचे चोवीस तास, उभ्या बाजूला गट. साधारण हे गट निघतात: छोट्या होड्यावाले, मोठ्या बोटींचे तांडेल (बोटीचे प्रमुख) आणि खलाशी, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) असेल तर रापणकर, ओली मासळी विकणाऱ्या, सुकी मासळी करणाऱ्या, जाळी विणणारे-सांधणारे, बचत गट, भजन-नमन-दशावताराची मंडळी, अभ्यासाला जागा शोधणारी मुलं, संध्याकाळी येऊन बसणारे म्हातारे, तरीचे (खाडी पार करणाऱ्या होडीचे) प्रवासी, पर्यटक. तुमच्या गावात यातले कोण नाहीत ते खोडा आणि राहिलेत ते घाला. एकाच समाजाचं गाव असेल असंही धरू नका, गाबीत, कोळी, खारवी, भंडारी, दालदी (मुस्लीम मच्छीमार) असे एकाच बंदरावर असतात आणि शुक्रवारची नमाज, रमजान, पालखी, नारळी पौर्णिमा हे सगळं त्याच तक्त्यात यायला हवं.

इथे एक खास किनाऱ्यावरची गोष्ट. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आपल्याकडचा जुना हिशेब सगळ्यांना माहितीये, अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, आणि पुढे तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला. बंदराप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. म्हणजे खाडीतल्या बंदरावर बोट कधी लागेल हे घड्याळ नाही, तिथी ठरवते. मग "सकाळी सहा ते नऊ लिलाव, नंतर हॉल मुलांना" असं वेळापत्रक कागदावर छान दिसतं आणि आठवड्याभरात मोडतं. तक्त्यात मासळीचा पट्टा तिरका काढा, रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारा. तो तिरका पट्टा ज्या ज्या गटाच्या सरळ पट्ट्याला कापतो तिथे भांडण होणार आहे. तिथे वेळ वाटून भागत नाही, जागाच वेगळी द्यावी लागते.

मग वर्षाचा तक्ता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी बाहेर ठेवली तर उंदीर कुरतडतात, आणि वर धो धो पाऊस, त्यामुळे सगळ्या गावाला एकाच वेळी सुकी, हवेशीर, लांबलचक छपराची जागा लागते. बांधकाम खर्चात बचत म्हणून पहिली काट कशावर मारतात तर पडवीवर, आणि याच दोन महिन्यांत पडवीच इमारत असते. मे मध्ये लग्नं आणि पर्यटक एकत्र येतात. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी येतात, गाव दुप्पट होतं. सुकी मासळी करायचे दिवस पावसाळ्यानंतर ते मे पर्यंत.

*तपासा:* बायकांची बैठक वेगळी, पुरुष पदाधिकारी नसताना आणि त्यांच्या सोयीच्या वेळेला घेतली का? खलाशांशी कोणी बोललं का? नसेल तर टप्पा ४ वर जाऊ नका.

टप्पा ४: ओलं आणि सुकं वेगळं करा

आता खोल्यांची नावं विसरा. प्रत्येक वापरापुढे फक्त एक शब्द लिहा, ओलं किंवा सुकं. लिलाव, मासळी धुणं, बर्फ, पाट्या-क्रेट, पोहून आलेला पर्यटक, हे ओलं. अभ्यासिका, बचत गटाचं ऑफिस, दवाखान्याचा कॅम्प, भजन, हे सुकं. मधलं म्हणजे जाळी, प्रवाशांचं थांबणं, म्हाताऱ्यांचं बसणं, त्याला पडवी.

मांडणी मग साधी होते. पाण्याच्या बाजूला ओला ओटा, मध्ये रुंद पडवी, गावाच्या बाजूला सुका भाग. ओला माणूस सुक्या भागातून कधीच जाऊ नये आणि लग्नाच्या साडीतली बाई मासळीच्या पाण्यातून कधी जाऊ नये, एवढी एक कसोटी लावली तरी निम्म्या चुका सापडतात.

ओल्या ओट्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण सगळी घाण इथेच होते. चकचकीत टाईल्स अजिबात नकोत, मासळीचं तेल आणि खवलं पडलं की बाया डोक्यावर पाटी घेऊन घसरतात. खरखरीत फिनिशचा कॉंक्रीट किंवा खडबडीत दगड घ्या. उतार मीटरला दीड-दोन सेंटीमीटर तरी हवा आणि तो दोन्ही बाजूंच्या गटारांकडे. गटार उघडं, वर हाताने उचलता येईल अशी जाळी. बंद पाईप दिला की खवल्यांनी महिन्यात चोंदतो. गटाराच्या शेवटी खवलं-आतडी अडकायला एक छोटी टाकी, रोज उपसता येईल अशी. त्यापुढचं पाणी कुठे जाणार ते ड्रॉईंगवर दाखवा, "समुद्राकडे" एवढं लिहून चालत नाही.

लिलावाच्या ओट्याला टेम्पो मागे लावता यायला हवा, नाहीतर टेम्पो पडवीच्या खांबाला धडकणार. पाटी डोक्यावर असताना दाराची उंची वेगळी लागते, नेहमीचं सात फुटी दार कमी पडतं. जाळं सात-आठ जण खांद्यावर घेऊन आत येतात, त्यांना वळायला जागा लागते, म्हणून पडवीत खांब मधोमध नको, कडेला.

टॉयलेटचं दार बाहेरून, आणि दोन गट करा, एक ओल्या बाजूचं जे पहाटेपासून उघडं, एक सुक्या बाजूचं. बायकांच्या बाजूला कपडे बदलायला एक खोली आणि कुलूपाची कपाटं. सेप्टिक टॅंक विहिरीपासून लांब आणि भरतीच्या खुणेच्या वर, वाळूत पाणी लवकर लागतं आणि उधाणाला टाकी उलटी भरते.

स्टोअर एकच मोठं करू नका. चार छोटी करा, चार दारं, चार कुलपं. सामायिक स्टोअरवरून जेवढी भांडणं बघितली तेवढी पैशावरून नाही बघितली.

जोतं उंच ठरल्यावर पायऱ्या वाढतात. रॅम्प १ ला १२ च्या उतारानेच द्या, म्हणजे पाऊण मीटर उंचीला नऊ मीटर लांब. याच रॅम्पवरून क्रेटची ट्रॉली पण जाते, म्हणून तो म्हाताऱ्यांचा आणि मासळीचा असा दोघांचा होऊ नये, शक्य तर दोन करा.

*इशारा:* पर्यटकांचा काऊंटर समुद्राच्या तोंडावर आणि मच्छीमारांची शेड मागे, असा प्लॅन कोणी दिला तर परत पाठवा. पर्यटक पन्नास पावलं चालू शकतो, भरलेली पाटी नाही.

टप्पा ५: फक्की मारून चालून बघा

हा एका सकाळचा टप्पा आहे आणि खर्च शून्य. प्लॅन हातात आला की जागेवर खऱ्या मापाने फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) भिंती आखा, दारं मोकळी सोडा, खांबांच्या जागी बांबू रोवा. मग लोकांना सांगा, रोजचं काम करून दाखवा. पाटी घेऊन चाला, जाळं पसरा, टेम्पो मागे घ्या, आजीला रॅम्पवरून न्या. ज्यांना ड्रॉईंग वाचता येत नाही ते इथे भराभर बोलतात. दार दोन हात सरकवायचं असेल तर आत्ता झाडू मारून पुसता येतं.

टप्पा ६: वारा, पाऊस, मीठ

पावसाळ्यातला वारा नैऋत्येकडून, त्या बाजूला रोलिंग शटर देऊ नका. खाऱ्या हवेत शटरची पट्टी गंजून जाम होते, मग ते अर्धं उघडं राहतं ते कायमचं. जाड लाकडी फळ्यांची दारं किंवा फायबरची चालतात, बिजागऱ्या स्टेनलेसच्या.

छप्पर दुपाखी (दोन बाजूंना उतार) ऐवजी चौपाखी (चारही बाजूंना उतार) केलं तर वादळात जास्त टिकतं, वाऱ्याला सरळ आदळायला उभी बाजू मिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांधा. एकच लांब पाखं खाली ओढून पडवी केली की वारा खालून शिरतो आणि पडवीसकट सगळंच उचलतो. वेगळं असेल तर फार तर पडवी जाईल, आतली माणसं आणि सामान वाचेल. पत्रे असतील तर कडेच्या आणि कोन्याच्या ओळीला हूक जवळजवळ, वॉशरसकट. कौलं असतील तर कडेच्या ओळी तारेने बांधून घ्या.

भिंतींना जांभा चिरा उत्तम, पण खांब-तुळयांचं आरसीसी असेल तर कॉंट्रॅक्टरला एक गोष्ट लेखी द्या. आयएस ४५६ (कॉंक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघड्या कॉंक्रीटला किमान एम ३० ग्रेड (एमचा आकडा मोठा तेवढं कॉंक्रीट मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा कॉंक्रीटचा थर, लाटांचे तुषार लागत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. गावाकडे सर्रास एम २० आणि इंचभर कव्हर टाकतात, थोड्याच वर्षांत सळई फुगून कॉंक्रीटचे पोपडे पडायला लागतात. खाडीची वाळू नको, मचूळ विहिरीचं पाणी नको, पाणी लॅबला दाखवा, आरसीसीसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड चालत नाही.

दिवे समुद्राकडे तोंड करून लावू नका. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याऐवजी रस्त्याकडे चालतात. दिवा झाकलेला, खाली तोंड करून, गावाच्या बाजूला.

*तपासा:* कॉंक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन स्वतः जा आणि सळई आणि फळीमधलं अंतर मोजा. ओतल्यावर ते कोणालाच दिसत नाही.

टप्पा ७: चावी, बिल आणि पहिला पाऊस

हे टेंडरच्या आधी ठरवायचं आहे, शेवटी लिहिलंय एवढंच. कुठलं दार कोणाच्या ताब्यात, लाईट बिल कोण भरणार, ओला ओटा रोज कोण धुणार आणि त्याचे पैसे कुठून, टॉयलेट साफ करणाऱ्याचा पगार कोण देणार. ग्रामसभेच्या ठरावात गटाचं नाव आणि रक्कम यायला हवी. समितीत मासळी विकणाऱ्या बायकांच्या निदान दोन जागा, आणि त्यांच्या टॉयलेटची चावी त्यांच्याचकडे. प्रत्येक भागाला वेगळा सबमीटर लावून घ्या, बर्फाच्या मशीनचं बिल अभ्यासिकेवर पडलं की दोघांचं बंद पडतं. लग्नाचं भाडं येणार असेल तर त्यातला वाटा ओट्याच्या सफाईला, हे आधीच लिहून ठेवा.

बजेटमधले दहा टक्के पहिल्या पावसापर्यंत हात लावू नका. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला छत्री घेऊन जा, पागोळ्यांचं पाणी कुठे पडतंय, पडवीत शिंतोडे कुठवर येतात, गटार कुठे तुंबतंय ते बघा, खडूने खुणा करा. मग जुलैच्या उधाणाला परत जा आणि ती दुसरी खुंटी शोधा.